मोजणी

बदकं पाच आहेत.
संध्याकाळी मोजतो, खुराड्याचं दार ओढायच्या आधी,
आणि ओढल्यावर फटीतून पुन्हा एकदा.
हेमलता म्हणते, अहो, प्रेस सुटून चार वर्षं झाली.

सदतीस वर्षं नोटा मोजल्या मी नाशिकरोडला.
म्हणजे, मशीन मोजायचं, मी मशीनवर नजर ठेवायचो.
एक कागद कमी भरला की कुणी घरी जायचं नाही.
एक जास्त भरला, तरी नाही.
नव्या पोरांना हे दुसरं कळायला वेळ लागायचा:
जास्त झाला तर बरंच की, साहेब!
बरं नसतं बाळा. जास्त म्हणजे कुठेतरी कुणीतरी चुकलंय
आणि ते आपल्याला अजून सापडलेलं नाही.

विहितगावच्या मागे, वालदेवीच्या काठाला
साडेतीन गुंठे. त्यात पेरू, दोन शेवगे, अळूचं खाचर,
आणि गोगलगायी. इतक्या,
की रात्री पानं कुरतडल्याचं ऐकू येतं, म्हणायची हेमलता.
मीठ टाकून पाहिलं. चुना टाकला.
शेवटी दत्तू कोठुळे म्हणाला, बदकं आणा.
घोटीच्या बाजारातून खोक्यात घालून आणली.
कंडक्टरने विचारलं, यांचं तिकीट?

गोगलगायी पंधरा दिवसांत संपल्या.
मग मेथी संपली.
मग हिरवळ म्हणून जे काही होतं त्याचा चिखल झाला,
आणि त्या चिखलात चोच खुपसून
काय शोधतात देव जाणे, सारखं, घाईघाईने,
पडलंय ते नक्की इथेच पडलंय अशा खात्रीने.

अंडी कुठेही घालतात. अळूत, पायरीवर,
एकदा माझ्या गमबुटात.
हिरवट, कोमट.
अंडी मी मोजत नाही. का, ते सांगता येणार नाही.

सकाळी दार उघडलं की रांगेने नदीवर.
गेटवर झडतीला उभे राहायचो आम्ही
तशी रांग, डबे तेवढे हातात नाहीत.
पुढे लंगडी. ती थांबली की सगळी थांबतात
आणि थांबली की सगळी एकदम बोलतात.
नदी तरी कसली, वरून साबणाचा फेस येतो,
सुकलेले झेंडू, कुणाच्या तरी पूजेचं तबक.
त्यातून पांढरी होऊन परततात.
हाक मारावी लागत नाही. प्रेसचा भोंगा झाला
की काठाला लागतात.
भोंग्यावर घरी येणारं आमच्याकडे आता तेवढंच.

परवा वरच्या धरणाचं पाणी आलं.
दुपारीच नदी चहाच्या रंगाची झाली, खाचरात शिरली.
भोंगा झाला. काठ रिकामा.
मी टॉर्च घेऊन बांधावर,
आणि एरवी जी म्हणते, मेली घाण करतात नुसती,
ती पदर खोचून ओरडत होती,
या गं, या गं बायांनो!
पलीकडून दत्तूने विचारलं, कोण वाहून गेलं?

साडेआठला आली. रांगेनेच. लंगडी पुढे.
चिखलाने सगळी एका रंगाची.
मी मोजली.
सहा.
हेमलताला म्हटलं, तू मोज.
सहा.

शेवटचं जरा बारकं. टॉर्च धरला तर
चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी लाल दोन ठिपके.
हळदीकुंकू बदक. रानचं. खाली नांदूर मध्यमेश्वराला असतात तसलं.
उजवा पंख ओढत होतं.
बाकीची थोडी पुटपुटली, सरकली, जागा झाली.
हेमलता म्हणाली, हळदीकुंकवाला आलेलीला
परत कसं पाठवायचं हो?

मी तिथेच उभा. पाय गाऱ्यात रुतत होते.
सहा. कामावर असतो
तर अख्खी पाळी थांबवली असती,
टेबलं उलटी केली असती, खिसे उलटे केले असते.
आणि खाली नांदूरला
कुणी असेल का आत्ता, एक कमी म्हणून
पुन्हा पहिल्यापासून मोजत?

मग दार ओढलं.
फटीतून बघितलं नाही.
टॉर्चचे सेलही उतरले होते म्हणा.